तार बांधायची जागा

लोकरे आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका लहान विमानाच्या शेपटाशी शिडीवर उभी होते आणि माझ्या हातात सुतळीचं एक टोक होतं. दुसरं टोक खाली केबिनच्या छपराशी बसाप्पानं धरलेलं. फोन आप्पांच्या पुतण्याचा होता. "आप्पा सकाळी गेले. तुमास्नी कळवावं म्हटलं," एवढंच तो बोलला. बसाप्पा आमच्याकडची विमानं धुतो, पुसतो. मी त्याला कन्नडमध्ये बातमी सांगितली. त्यानं सुतळी सोडली नाही. म्हणाला, "हे माप होऊ दे, मग जाऊ." आम्ही माप पुरं केलं, वहीत लिहिलं आणि वडगावला आप्पांच्या घरी गेलो. मापाचं काम अर्धं टाकून आलेलं आप्पांना चाललं नसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आमची कंपनी छोटी आहे. कचेरी उद्यमबागेत, आणि प्रत्यक्ष काम सांबऱ्याला विमानतळालगत एका भाड्याच्या शेडमध्ये. लहान विमानांवर रेडिओ बसवायचे, हा आमचा धंदा. आमच्याकडे येणारी बरीच विमानं जंगलांवरून आणि समुद्रावरून पाहणी करत फिरतात. तिथं नेहमीचा रेडिओ कामाला येत नाही. मध्ये डोंगर आला की त्याचं बोलणं संपलं. म्हणून लांब पल्ल्याचा रेडिओ लागतो, आणि त्याला लागते एक लांब तार. शेपटाच्या उभ्या पंखापासून केबिनच्या छपरापर्यंत ती उघड्यावर ताणून बांधतात. पाहणाऱ्याला वाटतं, कपडे वाळत घालायची दोरीच आहे. ती कुठून कुठं बांधायची, एवढंच ठरवायचं असतं. हे एवढंच ठरवायला आप्पांना कधी कधी आठवडा लागायचा.

मी टिळकवाडीतली, इंजिनिअरिंगला पहिल्या वर्गात आलेली. पुस्तकात लिहिलेलं मला सगळं पाठ होतं. तार विमानाच्या अंगाला फार जवळ नेली तर रेडिओची ताकद पत्र्यातच मुरते. वाऱ्याला आडवी बांधली तर वारा तिला ओढत राहतो. दुसऱ्या अँटेनाच्या शेजारी आली तर दोन्हींच्या कामात खरखर येते. हे सगळं सांभाळून मी पहिल्या विमानाचं चित्र काढलं आणि मालकांनी सांगितलं म्हणून आप्पांपुढं ठेवलं. मालकांनी त्यांना नुकतंच कुठून तरी शोधून आणलं होतं. पासष्टी ओलांडलेली, पांढरा शर्ट, पायजमा, खिशाला एक लाल आणि एक निळं पेन. शेडच्या दारात ते चपला काढून ठेवत. मला वाटलं, देवळात काढतात तशा भक्तीनं काढत असतील. विचारलं तेव्हा म्हणाले, "चपलेच्या तळात खडा अडकलेला असतोय. पंखावर पाय दिला की चरा पडतोय."

त्यांनी माझं चित्र बराच वेळ पाहिलं आणि घडी घालून परत दिलं.

"चित्र झ्याक हाय, आक्का. आता इमानाला इचारू."

कामावरच्या कुठल्याही बाईला, वयानं कितीही लहान असली तरी, ते आक्काच म्हणत. त्यांनी बसाप्पाला हाक मारली. "बसाप्पा, काच पुसताना कै एल्लि इडती? हात कुठं ठेवतोस, दाखीव."

बसाप्पानं पायरीवर पाय दिला, अंग वर उचललं, आणि त्याचा डावा हात सरळ छपरावरच्या एका जागी जाऊन पडला. माझ्या चित्रात तार चिनीमातीच्या बोंडातून केबिनमध्ये शिरत होती ती नेमकी तीच जागा.

"बघ. हितं आठवड्याला दोनदा हात पडणार," आप्पा म्हणाले. "आज कायबी हुणार न्हाय. सहा म्हयन्यानं त्या चिनीमातीला केसाएवढी चीर पडंल. ती कुणाला दिसणार न्हाय. पावसात रेडिओ मुका हुईल, आणि पायलटला वाटंल, खालची माणसं उत्तर देईनात."

मग दिवसभर ते माणसांनाच विचारत फिरले. तेल भरणाऱ्याला नळी कुठून ओढतोस म्हणून, पायलटला घाईत उतरायचं झालं तर कुठल्या बाजूनं उतरता म्हणून, सामान चढवणाऱ्याला डोकं कुठं लागतं म्हणून. संध्याकाळपर्यंत माझ्या चित्रातली जागा दीड हात मागं सरकली होती. मला राग आला होता, पण चित्र मी नव्यानं काढलं.

माणसं झाली की सुतळीची पाळी. जिथं तार जायची तिथं ते आधी सुतळी बांधत आणि दोन दिवस ती तशीच ठेवत. येणाऱ्याजाणाऱ्यानं तिला कुठं कुठं धक्का दिला ते पाहत. शेवटी शेडमधला वारा घालायचा मोठा विजेचा पंखा विमानासमोर लावत, सुतळीचं एक टोक सोडत, आणि सुटलेली सुतळी वाऱ्यानं मागं कुठं जाऊन बसते ते बघत. मग ते टोक बांधून दुसरं सोडत. "तार तुटणारच हाय असं धरून जागा बघायची," ते म्हणत. "टिकंल कशी ते इकणारा सांगतोयच. तुटल्यावर कुठं जाईल, ते आपुन सांगायचं." पंखा चालू असताना त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. त्यानंतर मात्र अर्धा कप चहा घेत. उरलेला अर्धा बशीत ओतून बसाप्पाकडं सरकवत.

आमच्या कामाच्या रजिस्टरात तारीख, काम, तपासणारा, सही असे रकाने छापलेले होते. आप्पांनी पहिल्याच आठवड्यात पट्टी घेऊन लाल पेनानं आणखी एक रकाना आखला. त्याच्या डोक्यावर लिहिलं, 'जागा कोणी निवडली'. आणि खाली पूर्ण नाव, मारुती भाऊ लोकरे. आद्याक्षरं नाहीत, फराटा नाही. मालक हसून म्हणाले, "आप्पा, हे कुणी मागितलंय?" आप्पा म्हणाले, "मागत न्हाईत, म्हणूनच लिवायचं."

दुसऱ्या वर्षी किनाऱ्याकडच्या एका कंपनीचं विमान आलं. शेपटाच्या उभ्या पंखाच्या अगदी टोकावर छोटा खुंट बसवून तिथून तार काढायची, असं आप्पांनी ठरवलं. सुतळी झाली, पंखा झाला. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा माणूस आला आणि म्हणाला की त्यांच्याकडं विमान ठेवायच्या शेडचं दार बुटकं आहे. टोकावर खुंट बसवला तर तो वरच्या पत्र्याला घासेल. तार हातभर खाली बांधा.

आप्पा सुतळीची गाठ तपासत राहिले. त्यानं पुन्हा सांगितलं. "हातभरच म्हणतोय मी. हातभरानं काय होतंय?"

"न्हाय," आप्पा म्हणाले.

मालकांनी त्यांना बाजूला घेतलं. मीही तिथंच होते. मालक वाईट माणूस नव्हते. विमान चार दिवसांत परत द्यायचं होतं, आणि हातभर खाली बांधलं तरी रेडिओ चालणार होता. माझ्या हिशेबानंसुद्धा चालणार होता, तसं मी सांगितलंही. आप्पा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "रेडिओ चालंल. मी रेडिओचं बोलतच न्हाय." चपला घालून ते निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. फोन बंद. मालकांनी मला वडगावला पाठवलं. समजूत काढून आणा म्हणाले.

त्यांची गल्ली विणकरांची. पुढच्या खोलीत भावाचे यंत्रमाग चालू होते, आणि त्यांच्या खडखडाटात मागच्या खोलीतलं बोलणं ऐकायला कान जवळ न्यावा लागायचा. आप्पा घरात नव्हते. काल सकाळीच एसटीनं कुठंतरी गेले होते. त्यांच्या बायकोनं, शांताक्कांनी, मला बसवलं, पाणी दिलं, आणि कशासाठी आले ते ऐकून घेतलं. 'हातभर खाली' हे शब्द निघाले तशा त्या उठल्या. पुढच्या खोलीत जाऊन दिराला दोन माग थांबवायला सांगून आल्या.

"हे तुमास्नी सांगायचे न्हाईत. मीच सांगते," त्या म्हणाल्या.

तीस वर्षांपूर्वी आप्पा लांब पूर्वेकडं, पाहणीची विमानं चालवणाऱ्या एका कंपनीत रेडिओचं काम करत होते. दिनकर नावाचा त्यांचा निपाणीचा मित्र तिथंच विमानात मागं बसून रेडिओ चालवायचा. त्याला त्या कामावर आप्पांनीच लावलं होतं. एका विमानाला तार बांधायची होती. शेपटाच्या पंखाच्या टोकाला शिडी पोचत नव्हती, आणि विमान दुसऱ्या दिवशी उडायचं होतं. आप्पांनी तार टोकाऐवजी हातभर खाली, शेपटाचा वळणारा भाग म्हणजे सुकाणू, त्याच्या बिजागरीजवळ बांधली. सात महिने ती नीट चालली. मग एकदा उतरताना छपराकडची बाजू तुटली. सुटलेली तार मागं गेली आणि तिचं टोक सुकाणूच्या फटीत अडकलं. विमान धावपट्टी सोडून नाल्यात गेलं. पायलट वाचला. दिनकर गेला.

"चौकशी झाली," शांताक्का म्हणाल्या. "समद्यांनी तारेवर ढकललं. इकणाऱ्यानं खराब माल दिला, असा कागद तयार झालता. ह्यांना कुणी कायबी इचारलं न्हवतं. हे आपण होऊन उठले आणि म्हणाले, तार तुटली ती जुनी हुती म्हणून. पर ती सुकाणूत गेली, ती माझ्यामुळं. जागा म्या निवडलीती."

नोकरी गेली, परवानाही गेला. आप्पा घरी येऊन भावाच्या मागावर बसले. घरात रेडिओ लावू द्यायचे नाहीत.

"तुम्हाला काय वाटलं तेव्हा?" मी विचारलं.

शांताक्कांनी पदराचा काठ सरळ केला. "लई राग आलता. दोन पोरं ल्हान. गप ऱ्हायले असते तर चाललं असतं. वरीसभर मी धड बोलले न्हाय त्यांच्याशी."

आम्ही तशाच बसलो होतो तोवर आप्पा आले. अंगावर दोन दिवसांच्या प्रवासाची धूळ, हातात पिशवी. थांबलेले माग, माझा चेहरा आणि बायकोचा चेहरा त्यांनी ओळीनं पाहिला. काय झालं ते त्यांना कळलं असावं. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि माझ्यापुढं उघडली. ते गिऱ्हाइकाच्या शेडवर जाऊन दाराचं माप घेऊन आले होते.

"दारावर नुसता पत्रा हाय. भिंत न्हाय, तुळई न्हाय. मधोमध हातभर खाच कापली की खुंट आरामात जातोय. एका दुपारचं काम. तिथल्या लोहाराला बोलून आलोय." मग पाणी पिऊन म्हणाले, "इमान वाकवण्यापरीस दार कापा म्हणावं."

गिऱ्हाइकानं दार कापलं. तार टोकावरच गेली. मी त्या वर्षी रजिस्टरातल्या लाल रकान्याखाली आप्पांच्या नावाशेजारी माझंही पूर्ण नाव लिहायला लागले. त्यांनी ते पाहिलं आणि पान उलटलं.

निपाणीला त्यांच्याबरोबर मी एकदाच गेले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि एकट्यानं बस बदलत जायची त्यांना धास्ती वाटत होती. "येतीस काय, आक्का? सांजच्याला माघारी येऊ," एवढंच म्हणाले. बसमध्ये संकेश्वर सोडल्यावर आपण होऊन बोलले. दिनकरच्या आईकडं जायचं होतं. ते दर वर्षी जात. पहिल्या वर्षी त्यांनी तिला सांगितलं, मावशी, जागा मी निवडली होती. तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या वर्षीही लावलं. तिसऱ्या वर्षी दार उघडं ठेवून ती आत निघून गेली, आणि आप्पा बाहेर कट्ट्यावर तासभर बसून परत आले. पाण्याचा तांब्या कितव्या वर्षी आला, ते त्यांनी सांगितलं नाही.

तंबाखूच्या वखारींमागची गल्ली, बुटकं घर. गंगामावशी नव्वदीच्या आसपास असतील. आयुष्यभर विड्या वळून बोटं आत वळलेली. त्या दारात पोत्यावर बसल्या होत्या. आप्पा कट्ट्यावर टेकले.

"आलास व्हय रं मारुती?"

"आलो, मावशी."

"यंदा किती इमानास्नी तारा बांधल्यास?"

"तीन."

"समदी माघारी येत्यात?"

"येत्यात."

म्हातारीनं मान हलवली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ बसली. मग त्या म्हणाल्या, "ह्या पोरीला आत घे. दोघंबी जेवा." भाकरी, वांग्याची भाजी आणि ताक होतं. आप्पा खाली मान घालून जेवले आणि स्वतःचं ताट स्वतः घासून पालथं घातलं. निघताना त्यांनी म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं हात वर उचलला, पण तो त्यांच्या डोक्यापर्यंत आला नाही. आपल्याच गुडघ्यावर ठेवून दिला. "पुढल्या साली ये," म्हणाली.

परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीशी बसून होते.

सहाव्या वर्षी एका सकाळी ते शिडीवर चढून तारेचा ताण बघत होते. ताण मोजायचा काटा आमच्याकडं होता, पण ते आधी बोटानं बघत, आकडा सांगत आणि मग मला काटा लावायला लावत. आकडा सहसा चुकत नसे. त्या दिवशी त्यांनी सांगितलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा यांत फार अंतर पडलं. तार सैल होती. त्यांनी पुन्हा बोट लावलं, पुन्हा आकडा सांगितला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा डोळे मिटून बोट लावलं, मग हात खाली घेतला.

"मला कळंना, आक्का," ते म्हणाले.

मी म्हटलं, थंडीनं बोटं बधिर झाली असतील, दुपारी बघू. ते शिडीवरून सावकाश उतरले, रजिस्टर घेतलं आणि लाल पेनानं लिहिलं, 'आजपासून माझ्या हाताला ताण कळत नाही आणि डोळ्याला बारीक दिसत नाही. जागा निवडण्याचं काम माझ्याकडे देऊ नये.' खाली पूर्ण नाव.

मालक धावत आले. वाचून त्यांचा चेहरा उतरला. "आप्पा, काम हे लोक करतील. तुम्ही नुसतं खुर्चीवर बसा. सही तेवढी करा. तुमचं नाव असलं की गिऱ्हाइक निर्धास्त असतंय."

"म्हणूनच न्हाय करायची," आप्पा म्हणाले.

मालकांनी आणखी समजावलं नाही. बसाप्पानं चहा आणला. आप्पांनी त्या दिवशी पूर्ण कप घेतला. डबा, वही आणि चष्म्याचं घर पिशवीत भरलं. लाल पेन टेबलावर राहिलं होतं ते मी द्यायला गेले, तर हातानंच राहू दे म्हणाले. मी आणि बसाप्पा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. शहराकडं जाणारा टेम्पो आला. आत बाजाराला निघालेल्या सांबऱ्याच्या बायका दाटीनं बसल्या होत्या, मेथीच्या पेंढ्या मांडीवर घेऊन. त्यांतली एक सरकली आणि आप्पा तिच्या शेजारी पिशवी पोटाशी धरून बसले.

त्यानंतर ते कधी शेडवर आले नाहीत, आणि माझंही वडगावला जाणं राहूनच गेलं. आठ महिन्यांनी तो फोन आला.

त्या दिवशी टेम्पो सुटताना आप्पांच्या शेजारच्या बाईनं त्यांना कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. काय ते मला ऐकू आलं नाही. आप्पांनी तिच्याकडं वळून उत्तर दिलं, तिनं पदर तोंडाला लावला, शेजारणीला ते सांगितलं, आणि सगळा टेम्पो हसायला लागला. आप्पाही हसत होते, मागं रेलून, मोठ्यानं, पुढच्या दोन पडलेल्या दातांची फट दाखवत. मी बसाप्पाकडं पाहिलं. तोही माझ्यासारखाच बघत उभा राहिला होता. सहा वर्षांत आम्ही दोघांनीही त्यांची ती फट पाहिली नव्हती.